कूसबाई

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत सासूबाई नाहीत. लग्न लागलं, पाळकांनी आशीर्वाद दिला, फोटोवाला चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ओळीनं उभं करायला लागला आणि नवऱ्या मुलाची आई गायब. शोधाशोध सुरू झाली. माझ्या आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आपल्याकडून मानापमानात काहीतरी राहिलं. शेवटी नवरदेवच शांतपणे म्हणाला, "शिंपीकाकांकडे गेली असेल. काकूंची कूस बदलायची वेळ झाली." फोटो निघाले, पाहुणे जेवायला बसले, तेव्हा बाई परत आल्या. नव्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, हाताला साबणाचा वास. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "रागावलीस? काकूंना काय ठाऊक गं, आज माझ्या मुलाचं लग्न आहे ते."

मी रागावले होते. तेव्हाही, आणि नंतर बऱ्याचदा.

आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना कूसबाई म्हणत. अर्धं प्रेमानं, अर्धं चेष्टेनं. ज्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं, त्याच्या घरी ह्या जायच्या आणि त्या माणसाची कूस बदलून यायच्या. सकाळी एक फेरी, दुपारी एक, दिवे लागायच्या सुमारास एक. बोलावणं लागायचं नाही, आणि घेणं तर काहीच नाही. चहासुद्धा उभ्यानंच. घरात ओट्यावर भांड्यांचा ढीग आणि आमच्या बाईसाहेब बाहेर लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत, असं मी माझ्या आईला सांगायचे.

हे वेड कुठून आलं ते मला पुढं कळलं. सासरे गच्चीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. तेव्हा कूस बदलायची असते हे या बाईला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला हलवलं तर दुखेल म्हणून तिनं त्यांना उताणं, जपून, फुलासारखं ठेवलं. एक दिवस चादर बदलायला गेली तर पाठीची कातडी चादरीबरोबर आली. सासरे पडल्यामुळे गेले नाहीत, त्या जखमांनी गेले. मग या बाईनं एका दवाखान्यात आयाची नोकरी धरली आणि तिथल्या नर्सच्या हाताखाली सगळं शिकून घेतलं. नोकरी सुटली तरी काम सुटलं नाही. "माणूस आजारानं मरेल, म्हातारपणानं मरेल," त्या म्हणायच्या, "पण आपल्या मंडळीत कुणी खाटेनं मरायचं नाही. मी प्रभूला तसा शब्द दिलाय." प्रभूला शब्द द्यायच्या आधी आम्हाला विचारलं असतंत तर, असं माझ्या ओठावर यायचं. पण सासऱ्यांच्या खोलीतला वास आठवून त्या अजूनही खिडकी उघडायला उठतात हे मी पाहिलं होतं, म्हणून गप्प बसायचे.

काम साधं दिसायचं. चादरीची लांब घडी करून आजाऱ्याच्या अंगाखाली, खांद्यापासून मांडीपर्यंत सरकवायची. खाटेच्या दोन्ही बाजूंना दोघांनी उभं राहायचं. पलीकडचा गुडघा आधी दुमडायचा, मग घडीला धरून माणूस हळूच आपल्याकडे वळवायचा. ओढायचं नाही, वळवायचं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. खाली दबलेला कान मोकळा झाला का ते बघायचं. शेवटी चादरीवरून तळवा फिरवायचा, कारण सुरकुती म्हणजे सुरी. खाटेच्या दुसऱ्या बाजूला त्या घरातल्याच कुणाला तरी उभं करायच्या, लेकीला, सुनेला, मुलाला. शिकवायच्या, चुकलं की हातावर चापटी मारायच्या. लोक शिकायचे. आणि शिकले तरी कूसबाई येण्याची वाट बघत बसायचे, कारण ती येतेच आहे तर आपण कशाला कंबर मोडून घ्या.

घरी सकाळी त्या आपल्या खाटेच्या कडेला बसायच्या, चहा हातात, डोळे मिटलेले. मग उठून म्हणायच्या, "आज आधी मास्तरांकडे."

"देवानं सांगितलं?" मी विचारायचे.

"हो."

"भांड्यांचं काही बोलला का तो?"

"ते तुला सांगितलं असेल बघ," म्हणायच्या आणि चपला घालायच्या.

अशा बाईवर किती रागावणार? त्यांना खरंच वाटायचं की देव सांगतो. आकाशातून आवाज वगैरे नाही. कुणाचं तरी नाव मनात येतं आणि जात नाही, एवढंच. "देव स्वतः हात लावत नाही गं," असं एकदा मला म्हणाल्या, "तो हात धाडतो. आपण फक्त ऐकायचं आणि जायचं. कुणी मागायची वाट बघायची नाही. मागितल्यावर सगळेच देतात."

मागितल्यावर सगळेच देतात म्हणे. या एका वाक्यानं बाईचा घात केला.

शिंप्याच्या घराचा जिना चढताना त्या पडल्या. शिंपीण तोवर केव्हाच वारली होती, आता काकांच्या म्हाताऱ्या बहिणीची पाळी होती. दवाखान्यात कळलं, अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. डोकं तर पहिल्यासारखंच. घरी आणलं तेव्हा स्ट्रेचरवरूनच मला विचारलं, "गादीवर प्लॅस्टिक घातलंस का? काढ ते. पाठ घामेजते."

सुरुवातीचे दिवस मला आठवतात ते बरे दिवस म्हणून. सकाळी कामाला जायच्या आधी मी आणि नवरा मिळून कूस बदलायचो. मी लॉन्ड्रीत इस्त्रीवर होते, दोनच गल्ल्या पलीकडे, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत धावत यायचे. एकटीला जमायचं नाही, बाई अंगानं भारी. मग समोरच्या दारातली बाई यायची. ती आमच्या मंडळीतली नव्हती, कुठल्याच मंडळीतली नव्हती. तिला आम्ही 'समोरची'च म्हणायचो. मी नसले तरी आपल्या मुलीला घेऊन मधे एकदा यायची, कूस बदलून जायची. सासूबाई पडल्या पडल्या हुकूम सोडायच्या, "खांदा नाही, आधी कंबर! इतकी वर्षं बघत्येस, डोळे काय इस्त्री करायला दिले होतेस?" आम्ही हसायचो. पाठ लहान मुलासारखी स्वच्छ होती, कुठं लाल ठिपकासुद्धा नव्हता.

मग एका रविवारी उपासनेनंतर मंडळी घरी आली.

पाळक, शिंपीकाका, भगिनी मंडळाच्या अध्यक्षबाई, आणखी कितीतरी. खोलीत मावेनात, जिन्यात उभे राहिले. अध्यक्षबाईंची आई दोन वर्षं अंथरुणात होती आणि दोन्ही वर्षं सासूबाई तिच्याकडे गेल्या होत्या. म्हातारी गेली तेव्हा तिच्या पाठीवर ओरखडा नव्हता. अध्यक्षबाई सासूबाईंचा हात धरून रडल्या. पाळक म्हणाले, "कूसबाईंनी मंडळीसाठी काय केलं नाही? आता मंडळीची वेळ आहे. आपण साखळी धरू."

बाहेरच्याला साखळी म्हणजे काय ते सांगायला हवं. अखंड प्रार्थना. दोघं दोघं येऊन आजाऱ्याजवळ बसतात आणि प्रार्थना करतात. त्यांचं आमेन व्हायच्या आधीच पुढच्या दोघांनी सुरू करायचं. मधे खंड पडू द्यायचा नाही. दुसरं काही बोलायचं नाही, उठायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. दिवसभर आजाऱ्याच्या घरी, रात्री ज्याच्या त्याच्या घरी. आजारी माणूस उठून बसेपर्यंत किंवा प्रभू बोलावीपर्यंत. आमच्या मंडळीला या साखळीचा फार अभिमान. दुसऱ्या मंडळ्यांना असलं जमत नाही, असं आमचे लोक सांगतात.

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "किती माणसं गं," मला म्हणाल्या. माझ्या नवऱ्यालाही भरून आलं. मला बरंच वाटलं, खोटं का बोला. दिवसभर घरात माणसं असतील, हात असतील. अध्यक्षबाई मला जिन्यात म्हणाल्या, "आता दुपारचं धावत यायचं कारण नाही हं तुला. आम्ही आहोत ना." मुकादम रोज माझ्या उशिरा परतण्यावरून तोंड वाजवत होताच. मी म्हटलं, बरं.

खुर्च्या खिडकीच्या बाजूला मांडल्या. प्रार्थना करायला येणाऱ्यांना आजाऱ्याचं तोंड दिसायला हवं, पाठीकडे बघून कोण प्रार्थना करणार? म्हणून सासूबाईंना खिडकीकडे तोंड करून ठेवायचं ठरलं. म्हणजे उजव्या कुशीवर. म्हणजे नेमकं जी बाजू मेली होती, जिथं दुखलेलं कळत नाही, तिच्यावर. सकाळी पहिली जोडी यायची ती आम्ही घरात असतानाच, आणि त्यांच्यापुढं आम्हीच बाईंना तसं वळवून ठेवायचो. ते डोळे मिटायचे. संध्याकाळी मी यायचे तेव्हा शेवटची जोडी डोळे उघडत असायची. मधला सगळा दिवस बाई तशीच.

समोरची पहिल्या दुपारी मुलीला घेऊन आली होती. दारात चपलांचा ढीग, आत दोन माणसं डोळे मिटून पुटपुटतायत. अध्यक्षबाईंनी एक डोळा उघडून ओठांवर बोट ठेवलं. ती बिचारी पावलं न वाजवता मागं फिरली. मला हे तिनं आठवड्यानं सांगितलं. "मला वाटलं, तुमच्यातलं काही पवित्र असेल," ती म्हणाली. "आपण कशाला मधे हात घाला."

मला दिसलं ते त्याच सुमाराला. उजव्या खुब्यावर लालसर डाग. बोटानं दाबला तर पांढरा व्हायला हवा, तो तसाच लाल राहिला. माझा हात थांबला ते सासूबाईंना कळलं. "कुठं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जोडीला मी सांगितलं, मधे एकदा त्यांना वळवा, येतं ना तुम्हाला. "हो हो, त्यात काय," दोघी म्हणाल्या. संध्याकाळी बघते तर उशीसुद्धा हललेली नाही. सकाळच्यांना वाटलं दुपारचे करतील. दुपारच्यांना वाटलं सकाळच्यांनी केलं असेल. आणि साखळी चालू असताना उठायचं कुणी? दोघांपैकी एकानं जोडलेले हात सोडले तरी साखळी तुटली. मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं पाळकांना सांगितलं. पाळकांनी लगेच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जोडीच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढलं, "प्रभू, तुझ्या दासीच्या पाठीला तूच स्पर्श कर."

मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. पाठ हातभर अंतरावर होती. चार हात समोर होते. आणि ही माणसं स्पर्श करायला स्वर्गात निरोप धाडत होती.

मग मी एका दुपारी न सांगता घरी आले. इस्त्री तशीच ठेवून, मुकादमाला न विचारता. खोलीत शिंपीकाका आणि अध्यक्षबाई. काका डोळे मिटून डोलत होते, बाईंची प्रार्थना ऐन रंगात आली होती. सासूबाई खिडकीकडे तोंड करून, डोळे उघडे. चादर ओली झाली होती आणि ते पाणी नव्हतं. वास मला दारातच आला. सासऱ्यांच्या खोलीचा वास मी कधी घेतला नव्हता, पण तो कसा असेल ते तेव्हा कळलं.

"आमेन म्हणा आणि पायाकडून धरा, वळवायचंय," मी म्हटलं.

अध्यक्षबाईंचा आवाज वाढला. त्या मला ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या, सैतान आडवा आला की प्रार्थना मोठ्यानं करायची असते. काकांनी मात्र डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. चादरीकडे बघितलं. या माणसाच्या बायकोसाठी माझ्या सासूनं माझ्या लग्नाचे फोटो सोडले होते. त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

"काका!" मी ओरडले.

तेव्हा सासूबाई बोलल्या, जड जिभेनं, सावकाश. "पुरी होऊ दे गं त्यांची."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. म्हटलं, आमेन होऊ दे. पण आमेन होतंच कुठं? दारातून पुढची जोडी आली, चपला काढल्या, खुर्च्यांमागं उभी राहिली, आणि अध्यक्षबाईंचं वाक्य संपायच्या आत त्यांनी आपलं सुरू केलं. अध्यक्षबाई उठल्या, डोळे पुसले, माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. काका माझ्याकडे न बघता जिना उतरले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. माणसांच्या रूपात समोरून जिना उतरताना पहिल्यांदा पाहिली.

त्या नव्या जोडीसमोर मी एकटीनं बाईंना वळवलं. कमरेत कळ आली. चादर सुटली ती एकटी सुटली नाही. मी ओरडले नाही, कारण सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

संध्याकाळी साखळी बाहेर गेल्यावर मी सासूबाईंना फैलावर घेतलं. "तोंड आहे ना तुम्हाला? मागता का नाही? एवढं म्हटलं असतंत, मला वळवा, तर कुणी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं."

"मग?"

"मी कुणाला मागायला लावलं का कधी?" त्या थांबत थांबत बोलत होत्या. "मला तो सांगायचा, मी जायचे. आता मी पडल्येय. आता तो कुणाला तरी सांगेल. मला बघायचंय, कुणाला सांगतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगतो तो. ऐकू यायला वेळ लागतो एकेकाला."

"तोवर तुमचं हाड दिसेल."

"दिसू दे," म्हणाल्या. आणि मग, मला वाटतं माझा चेहरा बघून, "तू किती चिडतेस गं. इस्त्री जाळलीस का कुणाचा शर्ट?"

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. विश्वास म्हणतात तो हाच का? दिलेला शब्द आयुष्यभर हिनं पाळला, आणि आता तोच शब्द हिच्यासाठी कोण पाळतो, ते बघत ही सडत पडली होती. तिला जखमेची भीती नव्हती. जखमेनं काय होतं ते आमच्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं. तिला एकच हवं होतं, कुणीतरी न सांगता उठावं. तेवढं झालं असतं तर तिचं सगळं आयुष्य खरं ठरणार होतं. नाहीतर ते नुसतंच एका भोळ्या बाईचं वेड.

मी नवऱ्याला म्हटलं, साखळी बंद कर. तो म्हणाला, कसं सांगू, आईसाठी लोक एवढं करतायत. मी म्हटलं, काय करतायत? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आमचं भांडण जिन्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पाळक आले. समजुतीच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, थकला आहात तुम्ही. विश्वास थोडा कमी पडतोय."

"मला विश्वास नको, पाळकसाहेब. मला दुपारी दोन हात हवेत."

"हात काय, कोणीही देईल. प्रार्थना सगळ्यांना जमत नाही."

"मग जे कोणीही देईल ते द्या ना आधी."

ते जरा लाल झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "साखळी मधेच तोडली आणि काही बरंवाईट झालं, तर मंडळी काय म्हणेल? मी म्हणणार नाही. पण मंडळी म्हणेल." नवरा खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. तेव्हाच मला कळलं की या घरात माझ्या बाजूनं फक्त मी आहे, आणि जिच्यासाठी मी बोलते ती खाटेवरची बाईसुद्धा नाही.

मी रजा मागितली. मुकादम म्हणाला, जायचं तर कायमचं जा. गेले. त्यानंतर मी दिवसभर घरात. समोरचीला हाताला धरून घेऊन आले, मिटलेल्या डोळ्यांच्या मधून वाट काढली. आम्ही दोघी कूस बदलायचो आणि बाजूला प्रार्थना चालू असायची. त्यांना आमचा अडथळा नव्हता की आम्हाला त्यांचा आधार. एकदा खाटेचा पाय एका खुर्चीला लागला, तर त्या माणसानं डोळे न उघडताच खुर्ची मागं सरकवली. जागा करून दिली, मी त्याचे आभार मानायला हवे होते.

पण उशीर झाला होता. दवाखान्याची नर्स रोज पट्टी करायला यायची. तिनं पहिल्याच दिवशी मला बाहेर बोलावून सांगितलं, जखम आत गेलीय, हाडापर्यंत. मग ताप आला. उतरायचा आणि चढायचा. सासूबाईंचं बोलणं तुटायला लागलं. कधी मला ओळखायच्या, कधी मला नर्स समजून सूचना द्यायच्या.

एका दुपारी ताप उतरला होता. मी त्यांच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवत होते. त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंची तब्येत खालावली हे पसरल्यामुळे दोघांच्या जागी दहाबारा जण आले होते. खुर्च्या पुरेनात म्हणून काहीजण खाली बसले होते, काहीजण दाराशी उभे. सगळ्यांचे डोळे मिटलेले. हात आले होते, पण सगळे जोडलेले. सासूबाईंनी डोळे उघडले आणि मला विचारलं,

"आलं का गं कुणी?"

मी त्या सगळ्यांकडे बघितलं. काय सांगू?

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तू घरची," त्या म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या, पण माझ्या काळजाला घरं पडली. माझी नोकरी, माझी कंबर, माझं भांडण, काहीच त्या हिशेबात धरलं गेलं नव्हतं. मी घरची. घरच्यानं केलं तर त्यात देवाचं काय? थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. आणि मग बघायचं सोडून दिलं. डोळे मिटले म्हणून नाही. डोळे उघडेच होते. नुसतं दाराकडे बघायचं सोडलं. ते मी पाहिलं. पाळक पुढं सांगत फिरले की कूसबाई शेवटपर्यंत विश्वासात अढळ होत्या. ते तिथंच होते, समोरच्या खुर्चीवर. पण त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यांना काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई गेल्या.

पाळकांनी जिन्यातच साक्ष दिली. साखळी एक क्षणही तुटली नाही, या घरासाठी प्रार्थना क्षणभरही थांबली नाही, आणि प्रभूनं आपल्या दासीला त्या प्रार्थनांच्या खांद्यावरून उचलून नेलं. लोक रडत होते, आणि ते खरंच रडत होते. ती माणसं ढोंगी असती तर मला सोपं गेलं असतं. नवरा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि मी त्याला थोपटलं. दुसरं काय करणार?

मग अंघोळ घालायला बायका आल्या. अध्यक्षबाई, शिंपीकाकांची सून, आणखी दोघी. मी बादलीत कोमट पाणी काढलं आणि बाजूला उभी राहिले. मला वाटलं, आता यांना पाठ दिसेल. दिसू दे.

अध्यक्षबाईंनी पदर खोचला. चादरीची लांब घडी केली. एकीनं ती खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवली. दोघी या बाजूला, दोघी त्या बाजूला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पलीकडचा गुडघा दुमडला, आधी कंबर, मग खांदा, ओढलं नाही, वळवलं. एवढी भारी बाई, पण पाणी हलावं तशी हलली. एकीनं टाचेखाली हात धरला. एकीनं दबलेला कान बोटानं हळूच मोकळा केला. मी इतके दिवस कंबर मोडून धडपडत होते ते या चौघींनी एका श्वासात केलं. माझ्या सासूनं शिकवलेलं एकही विसरलं नव्हतं. सगळ्यांना सगळं येत होतं.

मग जखम दिसली. एकीनं तोंडावर हात धरला. अध्यक्षबाई क्षणभर थांबल्या, ओठ हलले, बहुधा प्रार्थनाच. मग त्यांनी पाठ पुसली, सावकाश, खूप जपून, जणू दुखेल. कोरडी चादर घातली, तिच्यावरून तळवा फिरवून सुरकुती काढली. आणि माझ्याकडे हात पुढं करून, मान वर न करता म्हणाल्या, "उशी दे गं. पाठीला लावायला."

"आता राहू द्या," मी म्हटलं.